सुपरचार्जर बसवलेल्या मोटारीचे ट्यूनिंगपूर्व चालन

सुपरचार्जर बसवलेल्या मोटारीचे ट्यूनिंगपूर्व चालन म्हणजे मूळच्या पेट्रोल इंजिनावर सुपरचार्जर जोडल्यानंतर, परंतु इंजिनाच्या नियंत्रक संगणकातील इंधन व ठिणगी यांची कोष्टके नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्यापूर्वी, ते वाहन चालवणे होय. या जुळवणीस मोटारक्षेत्रात ट्यूनिंग असे म्हणतात. हा टप्पा बहुधा अल्पकालीन असतो. सुपरचार्जर ज्या कार्यशाळेत बसवला जातो, तेथून ट्यूनिंगच्या ठिकाणापर्यंत वाहन नेण्यापुरताच तो मर्यादित राहतो. तथापि या अल्पकाळात झालेल्या चुकीमुळे इंजिनाची कायमची हानी होऊ शकते. वाहन मालवाहू ट्रेलरवरून नेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग मानला जातो. ते शक्य नसल्यास सुपरचार्जरचा जास्तीचा दाब इंजिनापर्यंत पोहोचू न देता वाहन चालवणे, हे या चालनाचे मूलतत्त्व आहे.

कारखान्यातूनच सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर लावून आलेल्या मोटारींची जुळवणी उत्पादकाने आधीच केलेली असते. त्यामुळे अशा मोटारींना प्रस्तुत विवेचन लागू होत नाही.

पार्श्वभूमी

इंजिनात हवा दाबून भरण्याची कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पात्यांच्या हवापंपाचे पेटंट घेतले. हा पंप मोटारीसाठी नव्हता. भट्ट्यांना व उद्योगांना हवा पुरवणे हा त्याचा उपयोग होता. जर्मनीत गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये इंजिनात जास्तीची हवा भरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर असलेल्या प्रवासी मोटारी मांडल्या. या मोटारींतील सुपरचार्जर सतत कार्यरत नसे. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्णपणे दाबल्यावरच तो क्लचद्वारे जोडला जाई. जास्तीचा दाब केव्हा निर्माण व्हावा, हे चालकाच्या पायावर अवलंबून असे. ट्यूनिंगपूर्व चालनात आजही हेच तत्त्व मध्यवर्ती आहे.

१९२३ च्या इटालियन ग्रां प्री शर्यतीत फियाटच्या सुपरचार्जरयुक्त मोटारीने विजय मिळवला. त्यानंतर शर्यतींच्या क्षेत्रात या यंत्राचा प्रसार झाला. शक्ती वाढवल्याने टिकाऊपणा वाढतोच असे नाही, याचे उदाहरण म्हणून इंग्लंडमधील बेंटलेचा उल्लेख केला जातो. साडेचार लिटर क्षमतेच्या बेंटलेवर सुपरचार्जर चढवण्याचा आग्रह चालक टिम बर्किन यांचा होता. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटले यांना तो मान्य नव्हता. १९३० च्या ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत सुपरचार्जर लावलेल्या बेंटले गाड्या शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. त्याच कंपनीची, सुपरचार्जर नसलेली स्पीड सिक्स ही मोटार मात्र विजयी ठरली.

पुढे इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर कार्ब्युरेटरचे जेट बदलण्याची जागा संगणकातील आकड्यांच्या जुळवणीने घेतली. अमेरिकेत फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॅमेरो, कॉर्व्हेट, माझदा मियाटा यांसारख्या गाड्यांसाठी व्हॉर्टेक, पॅक्सटन, व्हिपल, मॅग्नुसन, एडलब्रॉक इत्यादी कंपन्यांचे तयार सुपरचार्जर संच विकले जाऊ लागले. हौशी मालक हे संच घरच्या गॅरेजमध्ये बसवू लागले. बसवणारा एकीकडे आणि ट्यूनिंग करणारा दुसरीकडे, अशी स्थिती निर्माण झाल्याने प्रस्तुत प्रश्न उद्भवला.

कार्यपद्धती

सुपरचार्जर हा हवा दाबणारा पंप असून तो इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून बहुधा पट्ट्याच्या साहाय्याने फिरतो. टर्बोचार्जर मात्र धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १.०१ बार, म्हणजे १४.७ पीएसआय इतका असतो. साधे इंजिन या दाबाच्या आधारेच हवा आत ओढते. सुपरचार्जरमुळे इनटेक मॅनिफोल्डमधील दाब याहून अधिक होतो. या अधिकच्या दाबास बूस्ट असे म्हणतात. मूळ इंजिनाचे अंतर्भाग न बदलता बसवल्या जाणाऱ्या अनेक संचांत बूस्ट ६ ते ८ पीएसआयच्या आसपास ठेवलेला असतो.

सुपरचार्जरचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

रूट्स प्रकार : यात दोन पाती एकमेकांत गुंतून फिरतात व हवा पुढे ढकलतात. इंजिनाचे फेरे कमी असतानाही थ्रॉटल पूर्ण उघडताच बूस्ट मिळतो.

स्क्रू प्रकार : स्वीडिश अभियंता आल्फ लिशोल्म यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. यात हवा पंपाच्या आतच दाबली जाते. कमी फेऱ्यांवर बूस्ट देण्याचा गुण यातही आहे.

अपकेंद्री प्रकार : यातील चक्र अतिशय वेगाने फिरून हवा बाहेरच्या दिशेने फेकते. यातील बूस्ट साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,५०० फेऱ्यांवर ८ पीएसआय देणारा संच ३,२५० फेऱ्यांवर सुमारे २ पीएसआयच देतो.

प्रकारांतील हा भेद सुरक्षित चालनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अपकेंद्री सुपरचार्जर असलेल्या गाडीत फेरे कमी ठेवल्यास बूस्टही आपोआप मर्यादित राहतो. रूट्स किंवा स्क्रू प्रकारात केवळ फेरे कमी ठेवून भागत नाही. १,८०० फेऱ्यांवरही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यास जवळजवळ पूर्ण बूस्ट निर्माण होऊ शकतो.

बहुतेक संचांत बायपास झडप असते. थ्रॉटल थोडाच उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात अवस्था असते. त्या निर्वाताच्या ओढीने ही झडप उघडते, आणि सुपरचार्जरने ढकललेली हवा पुन्हा त्याच्या तोंडाशी परत जाते. त्यामुळे सुपरचार्जर फिरत असूनही इंजिनाला जास्तीचा दाब जाणवत नाही. सौम्य चालन शक्य होते ते प्रामुख्याने या झडपेमुळे. तिची निर्वातनळी निसटलेली किंवा चुकीच्या जागी जोडलेली असल्यास हे संरक्षण नाहीसे होते.

ट्यूनिंगची आवश्यकता

पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग इंधनास १४.७ भाग हवा लागते. बूस्टखाली पूर्ण भार असताना हे प्रमाण सामान्यतः ११.५ ते १२.५ इतके समृद्ध, म्हणजे इंधनबहुल ठेवले जाते. जास्तीच्या इंधनाच्या बाष्पीभवनाने ज्वलनकक्ष थंड राहण्यास मदत होते.

हवा वाढूनही इंधन न वाढल्यास काय घडते, हे पुढील गणितावरून स्पष्ट होते. २ लिटर क्षमतेचे चार-धावी इंजिन ६,००० फेऱ्यांवर, सिलिंडर पूर्ण भरतात असे गृहीत धरल्यास, मिनिटाला ६,००० लिटर हवा ओढते. ३०° से. तापमानास या हवेचे वजन सुमारे ७ किलोग्रॅम भरते. १२.५ या प्रमाणाने तिला मिनिटाला सुमारे ०.५६ किलोग्रॅम पेट्रोल लागते. आता निरपेक्ष दाब दीडपट झाला आणि इंटरकूलरमधून हवा ५०° से. तापमानाने आत आली, तर तिचे वजन सुमारे ९.८ किलोग्रॅम होते. संगणकाला ही वाढ कळली नाही व इंधन पूर्वीइतकेच राहिले, तर प्रमाण १७ च्याही वर जाते. पूर्ण भाराखाली इतके विरळ मिश्रण इंजिनास घातक ठरते.

संगणकाला वाढीव हवा कळते की नाही, हे संवेदकावर अवलंबून असते. काही गाड्यांत हवेचे वजन मोजणारा संवेदक असतो. तो वाढ नोंदवतो, परंतु त्याच्या कमाल मर्यादेपलीकडील हवा त्याला दिसत नाही. इतर गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा संवेदक असतो. मूळ गाडीत वातावरणाहून अधिक दाब कधीच येत नसल्याने हा संवेदक बहुधा तेवढ्याच दाबापर्यंत मोजण्यासाठी बनवलेला असतो. त्यामुळे बूस्ट १ पीएसआय असो वा ८ पीएसआय, संगणकापर्यंत जाणारा आकडा एकच राहतो.

इंधनाच्या दाबाचाही येथे संबंध येतो. इंजेक्टर इंधन ढकलतो ते मॅनिफोल्डमधील दाबाविरुद्ध. इंधनाचा दाब ३ बार इतका स्थिर असेल आणि मॅनिफोल्डमध्ये ०.५ बार बूस्ट असेल, तर प्रत्यक्ष फरक २.५ बार उरतो व इंधनाचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. म्हणजे गरज वाढते त्याच क्षणी पुरवठा कमी होतो. मॅनिफोल्डशी नळीने जोडलेला दाबनियंत्रक असल्यास इंधनाचा दाब बूस्टबरोबर वाढून ही घट भरून निघते.

तिसरा मुद्दा ठिणगीचा आहे. दाट मिश्रण अधिक वेगाने जळते. म्हणून बूस्टखाली ठिणगी मूळ वेळेपेक्षा उशिरा द्यावी लागते. दर पीएसआयमागे सुमारे १ अंश, असा एक ढोबळ संकेत प्रचलित आहे. प्रत्यक्ष आकडा मात्र इंजिन, इंधन व तापमान यांवरून चाचणीतच ठरवावा लागतो.

संभाव्य हानी

नॉकिंग : ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असतानाच उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे एकाएकी पेटणे, यास नॉकिंग म्हणतात. त्यातून उठणाऱ्या दाबलहरींचा आवाज धातूवर खडे आपटल्यासारखा येतो. पिस्टनच्या पृष्ठभागास लागून असलेला, त्यास उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर या लहरींनी विस्कटतो. पिस्टनच्या कडा वितळणे, रिंगांमधील भाग तुटणे, हेड गॅस्केट फुटणे हे त्याचे परिणाम होत. तीव्र नॉकिंग असल्यास ही हानी काही सेकंदांतही घडू शकते.

तापलेली हवा : हवा दाबली की तापते. ३०° से. तापमानाची हवा दीडपट निरपेक्ष दाबापर्यंत दाबल्यास, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, ती सुमारे ९२° से. पर्यंत तापते. इंटरकूलर नसल्यास, अथवा पाण्यावर चालणाऱ्या इंटरकूलरचा पंप बंद पडल्यास, हीच तप्त हवा सिलिंडरमध्ये जाते व नॉकिंगची शक्यता वाढवते.

अतिसमृद्ध मिश्रण : इंधन जास्त झाले तरी हानी होते. मोठे इंजेक्टर बसवून संगणकाला त्याची माहिती न दिल्यास पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर धुऊन काढते, इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते आणि स्पार्क प्लग काजळतात.

इंधनगळती : इंधनवाहिन्या उघडून पुन्हा जोडलेल्या असल्याने गळती व आग यांचा धोका असतो. इतर बाबींत हानी यंत्राची होते. येथे मात्र थेट माणसाच्या जिवाशी गाठ असते.

वाहन चालवण्यायोग्य आहे की नाही

ट्यूनिंगपूर्व वाहन रस्त्यावर आणता येईल का, याचे उत्तर त्यात कोणकोणते बदल केले आहेत यावर अवलंबून असते. स्थूलमानाने तीन स्थिती संभवतात.

१. इंजेक्टर, हवामापक व संगणक मूळचेच असून केवळ सुपरचार्जर जोडलेला आहे. अशा वेळी मॅनिफोल्डचा दाब सतत वातावरणाच्या दाबाहून कमी राखल्यास इंजिनाची स्थिती मूळ स्थितीच्या जवळची राहते. हलक्या भारावर ऑक्सिजन संवेदकाच्या मदतीने संगणक इंधनात लहानसहान दुरुस्त्या करत असतो. त्यामुळे बूस्टविरहित सौम्य चालन बहुधा शक्य असते.

२. इंजेक्टर अथवा हवामापकाची नळी मोठ्या आकाराची बसवली आहे, परंतु संगणकातील कोष्टके जुनीच आहेत. येथे निष्क्रिय गतीलाही मिश्रण बिघडते. इंजेक्टर मोठा असल्यास ते अतिसमृद्ध होते. नळी मोठी असल्यास हवा प्रत्यक्षाहून कमी मोजली जाते व ते विरळ होते. संगणकाच्या दुरुस्तीच्या मर्यादेत हा फरक सहसा बसत नाही. असे वाहन चालवू नये, असाच सर्वसाधारण सल्ला दिला जातो.

३. संचाच्या उत्पादकाने किंवा ट्यूनिंग करणाऱ्याने प्राथमिक कोष्टक दिलेले असून ते संगणकात भरले आहे. हे कोष्टक वाहन सुरू होऊन ट्यूनिंगच्या जागी पोहोचावे एवढ्यासाठी असते. ते देणाऱ्याने घातलेली फेऱ्यांची व बूस्टची मर्यादा पाळणे बंधनकारक समजले जाते.

काही अपकेंद्री संचांत सुपरचार्जरचा पट्टा स्वतंत्र असतो. तो काढून ठेवल्यास बूस्टचा प्रश्नच उरत नाही. मात्र अनेक मोटारींत पाण्याचा पंप व आल्टरनेटर त्याच पट्ट्यावर चालत असल्याने हा मार्ग सर्वत्र उपलब्ध नसतो. शिवाय थांबलेल्या सुपरचार्जरमधून हवेला वाट कशी मिळेल, हेही पाहावे लागते.

चालवण्यापूर्वीची तपासणी

इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवून इंधनपंप दोन-तीन वेळा चालू होऊ दिला जातो आणि प्रत्येक जोडापाशी गळती आहे का ते पाहिले जाते. आग विझवण्याचे उपकरण हाताशी असावे लागते. यांशिवाय पुढील बाबी तपासल्या जातात.

• इंजिन ऑइल, कूलंट आणि सुपरचार्जरला स्वतंत्र तेल लागत असल्यास त्याची पातळी
• पट्ट्याचा ताण आणि सर्व कप्प्या एका रेषेत असणे
• हवेच्या नळ्यांवरील क्लॅम्प, तसेच बायपास झडप व दाबनियंत्रक यांच्या निर्वातनळ्या
• थ्रॉटल पूर्ण उघडून सोडल्यावर अडखळल्याविना बंद होणे
• इंटरकूलरच्या पाण्याचा पंप चालू असणे व शीतन प्रणालीत हवेचे बुडबुडे न राहणे
• संचासोबत सांगितलेल्या प्रतीचे स्पार्क प्लग व त्यांतील अंतर

यानंतर इंजिन निष्क्रिय गतीवर कार्यकारी तापमानापर्यंत तापवून बंद केले जाते आणि हीच तपासणी पुन्हा केली जाते. थंड असताना घट्ट वाटणारा जोड तापल्यावर गळू लागणे, तसेच नवा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांत सैल पडणे, या नेहमी आढळणाऱ्या गोष्टी आहेत.

टाकीत, ज्या इंधनावर पुढे ट्यूनिंग होणार आहे तेच उच्च ऑक्टेनचे पेट्रोल भरले जाते. उच्च ऑक्टेनमुळे नॉकिंगला प्रतिकार वाढतो. इंधनाचे प्रमाण मात्र त्यामुळे वाढत नाही. चांगले पेट्रोल भरले म्हणून बूस्ट वापरण्यास हरकत नाही, हा समज चुकीचा आहे.

आवश्यक दर्शके

बूस्टदर्शक हे या टप्प्यातील सर्वांत महत्त्वाचे उपकरण होय. त्यावरील शून्य म्हणजे वातावरणाचा दाब. काटा शून्याच्या खाली, निर्वाताच्या बाजूस असेपर्यंत इंजिनात जास्तीची हवा जात नाही. काटा शून्याजवळ येऊ लागताच अ‍ॅक्सिलरेटर सोडणे अपेक्षित असते.

हवा-इंधन प्रमाण दाखवण्यासाठी विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन संवेदक लागतो. अनेक गाड्यांतील मूळचा अरुंद पल्ल्याचा संवेदक मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच सांगतो. किती अलीकडे वा पलीकडे, हे त्यावरून कळत नाही. संथ गतीने जाताना विस्तृत पल्ल्याच्या दर्शकावर १४.७ च्या आसपासचा आकडा अपेक्षित असतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावर संगणक इंधन तोडत असल्याने त्या क्षणी दर्शक अतिविरळ मिश्रण दाखवतो. हे स्वाभाविक असून त्यात बिघाड नसतो. निदानजोडणीस लावलेल्या स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान, कूलंटचे तापमान व संगणक करत असलेल्या इंधनदुरुस्तीची टक्केवारीही पाहता येते. चालकाने रस्त्यावर लक्ष ठेवावयाचे असल्याने ही वाचने करण्यासाठी शेजारी दुसरी व्यक्ती असणे हितावह ठरते.

रस्त्यावरील चालन

प्रवास शक्यतो सकाळच्या थंड वेळी, सपाट व कमी वर्दळीच्या मार्गाने केला जातो. चढ, घाट आणि महामार्गावर वेगाने शिरण्याचे प्रसंग टाळले जातात, कारण तेथे अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याची गरज पडते. इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडीवर भार टाकला जात नाही.

गिअरची निवड हा सूक्ष्म परंतु महत्त्वाचा भाग आहे. जपून चालवायचे म्हणून वरच्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर गाडी रेटली, तर थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, मॅनिफोल्डचा दाब वाढतो आणि नॉकिंगला पोषक स्थिती निर्माण होते. रूट्स व स्क्रू प्रकारांत हा धोका विशेष असतो. त्याऐवजी एक गिअर खाली घेऊन २,००० ते ३,००० फेऱ्यांच्या दरम्यान, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून जाणे श्रेयस्कर असते. फेरे व थ्रॉटल या दोहोंवर एकाच वेळी मर्यादा ठेवावी लागते.

क्रूझ कंट्रोल बंद ठेवले जाते. चढ लागताच ते चालकाला न विचारता थ्रॉटल उघडते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबल्यास गिअर खाली पडून फेरे एकदम वाढतात, म्हणून पाऊल हळूच टेकवले जाते. ओव्हरटेकिंग टाळले जाते. काही किलोमीटर सुरळीत गेल्यावर एकदाच शक्ती अजमावून पाहण्याचा मोह होतो. परंतु इंजिनास हानी पोहोचवण्यास तो एक प्रसंगही पुरेसा ठरू शकतो.

पहिल्या काही किलोमीटरनंतर गाडी थांबवून पट्टा, नळ्या, द्रवपातळ्या व गळती यांची पुन्हा पाहणी केली जाते.

ताबडतोब थांबण्याची लक्षणे

• खडखड किंवा टिकटिक असा धातूचा आवाज
• पेट्रोलचा वास अथवा धूर
• कूलंटचे किंवा आत येणाऱ्या हवेचे तापमान सतत चढत जाणे
• ऑइलच्या दाबाचा इशारा
• इंजिनाचा दिवा लुकलुकणे. हे गंभीर स्वरूपाच्या मिसफायरचे चिन्ह असून त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी होते
• अ‍ॅक्सिलरेटर दिलेला असताना मिश्रण विरळ होत जाणे

यांपैकी काही आढळल्यास अ‍ॅक्सिलरेटर सोडून, गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन बंद केले जाते व पुढील प्रवास ट्रेलरवरून होतो. दिवा लागलेला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. मूळ गाडीतील नॉक संवेदक ठिणगी मागे घेऊन काही प्रमाणात संरक्षण देतो. मात्र त्याच्या कार्यास मर्यादा असते, आणि सुपरचार्जरच्या स्वतःच्या आवाजाने त्याची गल्लतही होऊ शकते.

मतभेद

ट्यूनिंगपूर्व चालन मुळीच करू नये, असे अनेक व्यावसायिकांचे मत आहे. ट्रेलरचे भाडे आणि इंजिन उघडून पुन्हा बांधण्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. याउलट, काही किलोमीटरांचे सौम्य चालन झाल्याने गळत्या, सैल पट्टे व चुकीच्या जोडण्या आधीच उघडकीस येतात आणि डायनोवरील पूर्ण भाराच्या चाचणीत अपघात टळतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते. बूस्टचा वापर करू नये याबाबत दोन्ही पक्षांत एकमत आढळते.

ट्यूनिंगची प्रक्रिया

डायनो म्हणजे चाकांखालील रोलरवर गाडी चालवून तिची शक्ती मोजणारे यंत्र होय. ट्यूनिंग करणारा प्रथम निष्क्रिय गती व हलका भार जुळवतो. नंतर टप्प्याटप्प्याने भार व बूस्ट वाढवत हवा-इंधन प्रमाण आणि ठिणगीची वेळ निश्चित करतो. इंजेक्टर प्रत्येक चक्रातील उपलब्ध वेळेच्या सुमारे ८० ते ८५ टक्क्यांहून अधिक काळ उघडे राहू नयेत, असा संकेत पाळला जातो. त्यापुढे गरज जात असल्यास मोठे इंजेक्टर किंवा अधिक क्षमतेचा इंधनपंप बसवावा लागतो. ट्यूनिंग पूर्ण झाल्यावरच वाहन पूर्ण क्षमतेने चालवता येते. त्या वेळी ब्रेक व टायर वाढीव शक्तीस पुरेसे आहेत का, याचाही विचार करावा लागतो.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्यान्वये उत्सर्जन नियंत्रणाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करण्यास मनाई आहे. कॅलिफोर्निया राज्यात रस्त्यावरील वाहनास बसवल्या जाणाऱ्या अशा संचांना राज्याच्या वायुसंसाधन मंडळाचा सूटआदेश आवश्यक असतो. त्या आदेशाचा क्रमांक संचासोबत दिलेला असतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न होतील असे बदल मालकास करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलांसाठी दंडाची तरतूद अधिक कडक झाली. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावरील मोटारीस बाहेरून सुपरचार्जर बसवणे कायद्याच्या दृष्टीने अडचणीचे ठरते, आणि विमा कंपनीस न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो.

भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले आहे, ही बाबही तांत्रिकदृष्ट्या लक्षात घ्यावी लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी लागणारे हवेचे प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ इतके होते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते. शुद्ध पेट्रोल गृहीत धरून परदेशात तयार केलेले प्राथमिक कोष्टक अशा इंधनावर वापरल्यास मिश्रण अपेक्षेहून विरळ होते.

हेही पहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• टर्बोचार्जर
• इंटरकूलर
• ऑक्टेन क्रमांक
• कार्ब्युरेटर